सेल्फ लागत नाही? स्टार्टर बदलण्याआधी हे बघा



या अंकात मी कर्ज परतफेडीच्या नोंदींवर लिहिणार होते. ते आता पुढच्या अंकात. कारण मागच्या महिन्यात एका गटाचा कर्जमागणी अर्ज माझ्या हातात आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "गाडीचा स्टार्टर बदलणे." रक्कम दहा हजार. त्या अर्जाचं पुढे काय झालं ते आधी सांगायचं आहे. ज्या गटांनी जुनी पिकअप घेतली आहे त्यांनी तर हे वाचाच. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी घरच्या ट्रॅक्टरसाठी वाचा, तिथेही बहुतेक सगळं हेच आहे.

त्या गटाची पिकअप जुनी, डिझेलची. टोमॅटोचे दिवस होते. साठ क्रेट भरून गाडी उभी आणि पिंपळगाव बसवंतला लिलावाच्या वेळेत पोचायचं. चावी फिरवली तर नुसतं "टक". परत फिरवली, परत "टक". लाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, पण इंजिन जागचं हलेना. शेवटी सहा जणांनी भरल्या गाडीला धक्का मारला. माल पोचला, पण चांगला भाव निघून गेल्यावर. इलेक्ट्रिशियन म्हणाला बॅटरी गेली. गटाने सात हजारांची नवी बॅटरी टाकली, जुनी दुकानात जमा केली. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा "टक". आता तो म्हणाला, स्टार्टरच गेलाय. म्हणून हा अर्ज.

मीटिंगमध्ये मी नेहमीचे प्रश्न विचारत होते, हप्ता किती, फेडणार कधी. गाडी चालवणाऱ्या ताई कोपऱ्यात गप्प बसलेल्या. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, चार-पाच वेळा चावी मारली ना, की ॲक्सिलेटरची केबल गरम लागते. मी त्या दादाला सांगितलं होतं. तो हसला."

खरं सांगायचं तर मलाही त्यातलं काही कळलं नाही. समाजकार्याच्या पदवीला वायरिंग शिकवत नाहीत. पण मी ते वहीत लिहून घेतलं आणि संध्याकाळी ओळखीच्या एका सरांना फोन केला. ते आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवून निवृत्त झालेत. केबलचं ऐकताच ते म्हणाले, "स्टार्टरला कुणाला हात लावू देऊ नका. उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी सरांनी एक जाड जंपर केबल काढली. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. म्हणाले, "मारा सेल्फ." पहिल्या झटक्यात गाडी चालू! केबल काढली, गाडी बंद करून पुन्हा चावी मारली, तर परत "टक".

दोष होता अर्थच्या पट्टीत. दोन महिन्यांपूर्वी क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरवला होता. तेव्हा इंजिनपासून चासीला जाणारी विणलेल्या तारांची पट्टी सोडली गेली, आणि परत बसवताना बोल्ट नीट आवळला गेला नाही. खाली गंज, वर चिखल, पट्टीच्या अर्ध्या तारा तुटलेल्या. नवी पट्टी आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये लागले. अर्ज मागे घेतला. बॅटरीचे सात हजार मात्र गेले ते गेलेच.

करंटला परतीची वाट लागते

त्या दिवशी सरांनी आम्हाला बोनेटपाशी उभं करून जे समजावलं, ते मला जसं कळलं तसं सांगते.

गाडीचा सेल्फ म्हणजे एक छोटी पण फार खादाड मोटर. इंजिनच्या मोठ्या दातेरी चाकाला ती धरते आणि इंजिन फिरवते. हेडलाइटचे दोन्ही बल्ब मिळून साधारण दहा अँपियर करंट घेतात. डिझेल गाडीचा सेल्फ दोनशे ते चारशे अँपियर ओढतो. म्हणून "लाइट लागतोय, हॉर्न वाजतोय, म्हणजे करंट येतोय" हा आपला हिशेब चुकतो. पायवाटेवरून सायकल गेली म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉली जाईलच असं नाही.

आता वाट कशी आहे बघा. बॅटरीच्या प्लसपासून एक जाड वायर थेट सेल्फपर्यंत जाते. सेल्फच्या पाठीवर दुसरा एक लहान डबा बसलेला असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. जाड वायर त्याच्या मोठ्या बोल्टला येते. त्याच डब्याला एक बारीक वायरही येते, ती चावीकडून. चावी फिरवली की बारीक वायरीतून थोडा करंट येतो, सोलेनॉइड आतला दट्ट्या ओढतो (तोच तो "टक" आवाज) आणि जाड वाट उघडते. म्हणजे बारीक वायर व्हॉल्व्ह उघडणारी, आणि जाड वायर म्हणजे तीन इंची पाइप. बऱ्याच गाड्यांत चावी आणि सोलेनॉइडच्या मध्ये एक रिले असतो, कारण चावीच्या स्विचला जास्त करंट सोसत नाही.

इथपर्यंत विहिरीच्या मोटारीसारखंच आहे. पुढे फरक पडतो. पाणी शेतात गेलं की संपलं, ते विहिरीत परत यावं लागत नाही. करंटला मात्र बॅटरीच्या मायनसपर्यंत परत यावंच लागतं, नाहीतर तो निघतच नाही. गाडीत परतीची वेगळी वायर नसते, गाडीचं लोखंडच वायरीचं काम करतं. सेल्फ बसलेला असतो इंजिनला. पण इंजिन रबराच्या मॉउंटिंगवर ठेवलेलं असतं, थरथर कमी व्हावी म्हणून, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी जोडायला ती पट्टी असते, किंवा बॅटरीचं मायनस थेट इंजिनला आणलेलं असतं.

पट्टी खराब झाली की तीनशे अँपियर दुसरी वाट शोधतात. इंजिनपासून केबिनकडे जाणारं लोखंड काय काय आहे? ॲक्सिलेटरची केबल, गिअरची केबल. बिचारी बारीक तार एवढा भार घेते आणि तापते. कधी तिचं प्लॅस्टिकचं कव्हर वितळतं, धूर निघतो. ताईंच्या हाताला लागलेलं गरम ते हेच. दिवे लख्ख होते कारण दिव्यांची परतीची वाट इंजिनातून जात नाही. आणि नव्या बॅटरीचा जोर थोडा जास्त, म्हणून तिने खराब पट्टीतूनही चार दिवस रेटलं. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, दोष बॅटरीचाच होता.

आधी कान द्या

बोनेट उघडायच्या आधी चावी मारून आवाज ऐका. हेडलाइट लावून ठेवा आणि दुसऱ्या बाईला पुढे उभं करून दिव्याकडे बघायला सांगा.

काहीच आवाज नाही आणि दिवे जसेच्या तसे: बारीक वाटेत दोष. चावीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा बारीक वायर. एकदाच दणदणीत "टक", दिवे फारसे मंद होत नाहीत, पण इंजिन हलत नाही: जाड वाटेत किंवा अर्थमध्ये अडथळा, नाहीतर सेल्फच्या आत कार्बन ब्रश किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट झिजलेले. "कट-कट-कट-कट" असा भराभर आवाज आणि दिवे विझल्यासारखे: बॅटरी उतरलेली, किंवा तिचे टर्मिनल सैल. इंजिन जड झाल्यासारखं सावकाश "घुर्र... घुर्र" फिरतं: हेच तिन्ही, बॅटरी, वायर आणि अर्थ तपासा. सेल्फ नुसताच सुसाट फिरतो, पण इंजिन फिरत नाही: बेंडिक्सचं काम, ते गॅरेजवाल्याकडेच.

आणि इंजिन छान फिरतंय पण पेट घेत नाही, तर सेल्फला बोल लावू नका. तो डिझेलचा, हवा धरल्याचा किंवा हिटर प्लगचा विषय आहे. कितीही वेळ सेल्फ मारत बसलात तरी फक्त बॅटरी उतरेल. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त चावी धरू नका, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. सेल्फ तापून जळतो तो बहुतेक आपल्या घाईमुळेच.

हात घालण्याआधी

हा भाग मेकॅनिकच्या पुस्तकात आपल्यासाठी लिहिलेला नसतो, म्हणून इथे लिहिते. हातातली धातूची बांगडी, अंगठी काढून ठेवा. बांगडी बॅटरीचं प्लस आणि गाडीचं लोखंड यांच्यामध्ये टेकली तर क्षणात लालबुंद होते आणि हातातून निघत नाही. मंगळसूत्र वाकल्यावर पुढे लोंबतं. काढायला मन होत नसेल तर पाठीवर टाकून वरून ओढणी घट्ट बांधा, किंवा वाकायचं काम दुसरीला द्या. पदर कमरेला खोचलेला, वेणी बांधलेली. चालू इंजिनचा पंखा आणि बेल्ट पदर ओढून घेतात.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागला तर ती पुढे उडी मारते. काही जण गाडीखाली शिरून सेल्फचे दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडून गाडी चालू करतात. ते बघायला भारी वाटतं. कुणी करू नका.

बॅटरी काढताना आधी मायनस सोडायचं, बसवताना मायनस शेवटी. बॅटरीजवळ विडी, काडी, ठिणगी नको, आत हायड्रोजन वायू तयार होतो आणि तो भडकतो. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवत राहा आणि दवाखान्यात जा.

आता वाटेवरून चालत जा

सुरुवात बॅटरीपासूनच. टर्मिनल हाताने पिळून बघा. जरा जरी फिरलं तर तिथेच थांबा, आवळा आणि पुन्हा सेल्फ मारा. आपल्या अर्ध्या गाड्या इथेच चालू होतील असं मला वाटतं. पांढरा-हिरवा बुरा जमला असेल तर मायनस, मग प्लस सोडा. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून टर्मिनलवर टाका, फेस निवला की पुसून पॉलिश पेपरने आतून-बाहेरून चकचकीत करा. बॅटरीची झाकणं घट्ट लावलेली हवीत, सोडा आत जाता कामा नये. परत बसवून आवळल्यावर वरून व्हॅसलिनचा हात फिरवा, आधी नाही.

मग मीटर. साध्या मल्टिमीटरला तीन-चारशे रुपये पडतात आणि तो शिकायला एक दुपार पुरते. बटण डीसी व्होल्टच्या 20 वर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी, 12 किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चावी मारताना आकडा खाली येणारच, पण साडेनऊच्या खाली जाऊ नये. गाडी चालू झाल्यावर तो साधारण 13.8 ते 14.4 असावा. चालू गाडीतही 12 च दिसला तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, कदाचित बेल्ट सैल आहे. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणार.

आता खरी परीक्षा, आणि ती फक्त चावी मारतानाच होते. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस खुंटावर, वायरीच्या क्लॅम्पवर नाही, आणि दुसरी इंजिनच्या खरवडलेल्या लोखंडावर. दुसरी बाई चावी मारते. आकडा 0.2, फार तर 0.3 व्होल्ट. आमच्या त्या गाडीत पाचाच्या वर गेला होता. म्हणजे बारापैकी पाच व्होल्ट वाटेतच सांडत होते. हीच तपासणी वरच्या वाटेची: एक सुई प्लसच्या खुंटावर, दुसरी सेल्फवर जिथे जाड वायर येते त्या बोल्टवर. तिथे 0.5 पर्यंत चालतं.

मीटर नसेल तर सरांची जंपर केबलची युक्ती करा. मायनसपासून इंजिनला केबल लावल्यावर सेल्फ जोरात फिरला, तर अर्थ खराब. पैसे नाहीत, वेळ नाही, मार्केट गाठायचंय, तरी ही एक गोष्ट पाच मिनिटांत होते. केबल आधी इंजिनला आणि मग मायनसला लावा, आणि प्लसच्या आसपास तिचा चिमटा जाऊ देऊ नका.

बल्बचा टेस्टर बहुतेक इलेक्ट्रिशियन वापरतात. तो बारीक वायरीसाठी ठीक आहे: चिमटा मायनसला, टोक सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर, आणि चावी मारायची. बल्ब पेटला आणि तरी "टक" नाही, तर सोलेनॉइड किंवा त्याचा अर्थ बघायचा. बल्ब पेटलाच नाही, तर वर चावीकडे शोधत जायचं. पण जाड वायर किंवा अर्थ तपासायला हा टेस्टर फसवतो. शंभर तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बल्ब लख्ख पेटतो. त्या दादाने हेच केलं होतं. टेस्टर पेटला, म्हणून वायर चांगली, म्हणून स्टार्टर खराब. तो लबाड होता असं मी म्हणणार नाही, घाईत होता.

बारीक वाटेत जुन्या गाडीचे नेहमीचे रोग म्हणजे आधीच्या मालकाने टेप, फॉगलाइट, रिव्हर्सचा भोंगा यांसाठी मारलेले पिळाचे जॉइंट. टेप सोडून बघा, आत तांबं हिरवं किंवा काळं पडलेलं असतं. सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून कव्हर वितळलेली वायरही सापडते. आणि उंदीर! खळ्यात गाडी उभी असेल तर बोनेटखाली टॉर्च मारून कुरतडलेली जागा शोधाच. रिलेवर शंका असेल तर हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघता येतो, पण दोघांवरचे आकडे, पाय आणि खुणा अगदी सारख्या असतील तरच. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपियरचा टाका. चांदीचा कागद किंवा तार गुंडाळली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची वेळ आली तर ती गाडी 12 व्होल्टचीच आहे ना, ते आधी विचारा. मोठ्या ट्रकची 24 व्होल्टची आपल्या पिकअपला लावली तर रिले, बल्ब, मीटर सगळं जाऊ शकतं. प्लसला प्लस जोडा. मायनसचं शेवटचं टोक बंद पडलेल्या गाडीच्या बॅटरीला नको, तिच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

गॅरेजमध्ये

सेल्फ खरंच खराब असू शकतो. जुन्या गाडीत ब्रश झिजतात, बुश ढिले होतात. पण तो सोडण्याआधी इलेक्ट्रिशियनला म्हणा, "दादा, अर्थचा ड्रॉप मीटरवर दाखवा, चावी मारताना." चांगला कारागीर आनंदाने दाखवतो. सेल्फ काढल्यावर टेबलावर बॅटरी जोडून फिरवून दाखवायला सांगा. तो तिथे जोरात फिरला तर गाडीतली वाट अजून तपासायची आहे, हे लक्षात घ्या, कारण टेबलावर त्याला इंजिनचा भार नसतो. बऱ्याचदा नवा घ्यायची गरज नसते, ब्रश आणि बुश बदलून काम होतं. काढलेला पार्ट पिशवीत घालून परत घ्या.

क्लच, गिअरबॉक्स, इंजिन मॉउंटिंग, डेंटिंग-पेंटिंग यातलं काहीही काम झालं की गाडी ताब्यात घेताना अर्थची पट्टी हाताने ओढून बघा. पेंट केलेल्या जागेवर पट्टी बसवली असेल तर खालचा रंग खरवडून घ्यायला लावा, रंगातून करंट जात नाही.

आणि गाडी चालवणारी बाई जे सांगते ते वहीत लिहा. गरम लागलं, वास आला, आवाज बदलला, कोणत्या तारखेला, कशानंतर. त्या गटाने आता हिशेबाच्या वहीशेजारी गाडीची वही ठेवली आहे. पहिली नोंद ताईंनी स्वतः केली आहे: "पट्टी बदलली. केबल थंड."

संघाच्या ऑफिसमध्ये एक मल्टिमीटर आणि एक जंपर केबल आणून ठेवली आहे. नेताना रजिस्टरला सही करा, आणि मीटरमधला 9 व्होल्टचा सेल चालू आहे ना, ते तिथेच बघून घ्या.